मापाच्या पुढचा आकडा

आळेफाटा,
२ ऑगस्ट

चि. ओंकार यास,


तू पाठवलेला फोटो पाहिला. फोनवर बोलायला गेलो की तू "हो मामा, हो मामा" करतोस आणि शेवटी मनातलेच करतोस, म्हणून हे पत्र. निदान ते दोनदा वाचशील.

कोणत्याशा एसयूव्हीवरून काढलेले चार अलॉय, १७ इंची, वर २३५/६५ चे टायर, रबर निम्म्याहून जास्त शिल्लक. विकणारा ओळखीचा, नटही जुळतात म्हणतो. तुझा प्रश्न एवढाच की आपल्या पिकअपला बसतील का. बसतील. दुकानात आणलेस तर तासाभरात मीच बसवून देईन. आमच्या धंद्यात बसत नाही असे फार थोडे असते. हातोडा, ग्राइंडर आणि स्पेसर असले की काहीही बसते. पण पासष्ट क्रेट टोमॅटो हौद्यात असताना ती चाके माळशेज उतरून कल्याणला पोचतील का, हे तू विचारलेच नाहीस.

तेव्हा आधी वजनाचे. आरसीवर तुझ्या गाडीचे रिकामे वजन आणि भरलेले वजन, दोन्ही छापलेले आहे. पण टायर घ्यायला एवढ्याने भागत नाही, कारण चारही चाकांवर ओझे सारखे पडत नाही. पुढे इंजिन असते, तिथले वजन माल भरला तरी थोडेसेच वाढते. माल येतो तो जवळजवळ सगळा मागच्या पाट्यांवर. पुढच्या खेपेला गाडी भरलीस की नारायणगावच्या काट्यावर एक काम कर. आधी पूर्ण गाडीचे वजन घे. मग पुढची चाके काट्याच्या पलीकडे उतरव, फक्त मागची दोन वर राहू देत, आणि परत आकडा बघ. काटेवाला वैतागेल, त्याला चहा पाज. तुझ्यासारख्याच एका गाडीचे मी हे करून पाहिले, मागच्या दोन चाकांवर अठराशे किलो आले होते. म्हणजे एका चाकावर नऊशे. तुझा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण हा नऊशे डोक्यात ठेवून पुढचे वाच.

आता टायरच्या अंगावर लिहिलेले. तुझ्या गाडीवर सध्या २१५/७५ आर १५ आहे. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे रुंदीच्या पंचाहत्तर टक्के एवढी रबराची उंची, डिस्कच्या कडेपासून रस्त्यापर्यंत. इथे ती १६१ मिलिमीटर येते. आर म्हणजे रेडियल. आणि १५ हा डिस्कचा व्यास, इंचात. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. पण आपण कुठे शहाणे? कांदा क्विंटलने विकतो, टोमॅटो क्रेटने आणि कोथिंबीर शेकड्याने.

यावरून उभ्या चाकाची उंची काढता येते. दोन्हीकडचे रबर ३२२, त्यात डिस्कचे ३८१. झाले ७०३ मिलिमीटर. तुझ्या त्या अलॉयवाल्या टायरची काढ: २३५ चे पासष्ट टक्के १५३, दोन्हीकडचे मिळून ३०५, आणि १७ इंचांचे ४३२. एकूण ७३७. म्हणजे चाक जवळपास पाच टक्क्यांनी मोठे. हा पाच टक्क्यांचा हिशेब पुढे लागणार आहे.

इथपर्यंत दुकानात येणारा प्रत्येक जण येतो. माप वाचतो आणि थांबतो. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा आणि एक अक्षर असते, समज १०० एस. तिकडे कोणी बघत नाही. अक्षर वेगाचे, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर; त्याच्याशी तुला देणेघेणे नाही, तेवढी तुझी गाडी पळतच नाही. आकडा मात्र भाराचा. तो किलोत नसतो, त्याचा तक्ता असतो: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. एका टायरने पूर्ण हवा असताना पेलायचे एवढे. हा तक्ता मी दुकानाच्या भिंतीवर रंगवून घेतला आहे, आणि तो का, हे तुझ्या आईलाही मी कधी सांगितलेले नाही.

अठरा-एकोणीस वर्षे झाली. ओतूरकडचा एक माणूस पिकअपचे मागचे दोन टायर बदलायला आला. पैशाची ओढ होती. माझ्याकडे जीपगाडीचे, म्हणजे माणसे नेणाऱ्या गाडीचे, त्याच मापाचे टायर पडून होते आणि स्वस्त होते. माप तेच ना, तो म्हणाला. माप तेच, मी म्हणालो. त्यावर १०० लिहिले होते आणि त्याच्या चाकावर नऊशे किलो येणार होते. मला तक्ता ठाऊक नव्हता अशातली गोष्ट नाही. दोन टायर खपत होते. पावसाळ्यात काही झाले नाही, रस्ता गार होता. एप्रिलात दुपारी भरलेली गाडी घाट उतरून टोकावड्याच्या अलीकडे आली आणि मागचा डावा टायर बाजूने फाटला. नक्षी जिथल्या तिथे होती, गेली ती बाजू. टायरवर झेपेना एवढे ओझे आले की बाजूचे रबर फेऱ्यागणिक जास्त वाकते, वाकून वाकून तापते, आणि तापले की आतले थर सुटतात. गाडी आडवी होऊन चरात गेली. माणूस हात मोडण्यावर वाचला. रात्री मी डिस्क आणि जॅक घेऊन गेलो तेव्हा रस्त्यावर टोमॅटोचा चिखल झाला होता आणि त्यातून ट्रक चालले होते. तो मला एक शब्दही बोलला नाही. त्याला वाटत होते, नशीब. मी ते तसेच वाटू दिले.

तर तुझे अलॉय. २३५/६५ आर १७ हे माप बहुतेक १०४ मध्ये येते. म्हणजे ९०० किलो. तुझ्या चाकावर पडणार ९००. शिल्लक शून्य. वळणावर माल एका अंगाला झुकला, खड्ड्यात एकच चाक आदळले, की त्या क्षणी आकडा वर जातो. शिवाय टायर पेलेल, पण त्या अलॉयचे काय? चांगल्या अलॉयच्या आतल्या अंगाला किंवा मागे त्याला झेपणारे वजन ओतीवच लिहिलेले असते. ते शोध. नसेल तर विषय संपला. दोन माणसे आणि चार बॅगा नेणाऱ्या गाडीसाठी ओतलेले चाक आहे ते.

लोखंडी डिस्कला तू नावे ठेवतोस, दिसायला भिकार म्हणतोस. दिसतेच. पण ती खड्ड्यात वाकते आणि कुठल्याही फाट्यावर ठोकून सरळ होते. अलॉय वाकायच्या ऐवजी तडकतो, तडा बारीक असतो, आणि हवा रात्रीतून जाते. पहाटे तीनला माल भरून निघायच्या वेळी तुला कळते. रंगाचीच हौस असेल तर डिस्कला काळा रंग मारून देतो, पैसे घेणार नाही.

नट जुळतात याचेही फार घेऊ नकोस. नटांच्या वर्तुळाचे माप जुळले तरी मधले भोक हबवर घट्ट बसते का ते पाहावे लागते, नाहीतर सगळे वजन नुसत्या नटांच्या दांड्यांवर येते. आणि चाक आत किती, बाहेर किती, हे वेगळेच. बाहेर आले की गाडी रुंद, रुबाबदार दिसते खरी, पण बेअरिंगवर ओझे लांबून पडते. पाण्याची कळशी छातीशी धरून चाल आणि हात लांब करून चाल, म्हणजे बेअरिंगचे दुखणे कळेल. स्पेसर टाकून चाक बाहेर काढणाऱ्यांच्या गाड्या वर्षाच्या आत बेअरिंगसाठी परत येतात. धंद्याला बरे आहे, पण तू भाचा आहेस.

तुझा दुसरा विचार, की डिस्क तीच ठेवून २३५/७५ आर १५ टाकावेत, हा पहिल्यापेक्षा बरा आहे. चाक ७३३ होते, चार टक्क्यांनी मोठे. गाडी पंधरा मिलिमीटर वर उठते. बांधावरून जायला तेवढेही कामाला येते, नाही म्हणत नाही. पण काय काय होते ते ऐक. काटा ६० दाखवेल तेव्हा तू साडेबासष्टने जात असशील. शंभर किलोमीटर गेलास तर मीटरवर शहाण्णव पडतील, म्हणून ॲव्हरेज कमी झाले असे वाटून तू पंपवाल्याशी भांडशील. ही गंमत झाली. खरी गोष्ट गिअरची. चाक मोठे झाले की प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो. लोकांना वाटते याचा त्रास चढाला. तुझी गाडी माळशेज चढते ती रिकामी, फार तर खताच्या गोण्या घेऊन. भरलेली असते ती उतरताना. लांब गिअरमध्ये इंजिन गाडीला कमी धरून ठेवते, मग सगळे काम ब्रेकवर येते, आणि मोठ्या चाकाला थांबवायला ब्रेकला जोरही जास्त लागतो. श्रावणात धुके, ओला रस्ता, पुढे सेल्फी काढणारे पर्यटक. तिथे मला तुझे ब्रेक गार हवे आहेत.

चिखलाचे म्हणशील, तर रुंद टायर चिखलात चांगला हा गैरसमज आहे. वाळूत चांगला, तो वर तरंगतो. आपल्या काळ्या रानात वर चार बोटे लोणी आणि खाली घट्ट जमीन असते; तिथे अरुंद टायर चिखल कापत तळाला जाऊन टेकतो. जुन्या विलीज जीपचे टायर ६.००-१६ चे होते, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद, आणि त्या जीपने काय चिखल तुडवला ते तुझ्या आजोबांनी पाहिले आहे. रस्त्यावर साचलेल्या पाण्याचेही तेच. नक्षी सारखीच असली तर अरुंद टायर पाणी लवकर कापतो.

तरी २३५ टाकायचेच ठरवलेस, तर डिस्कची रुंदी मोजून घे, सहा इंचांपेक्षा कमी असेल तर नको. आणि चाक घासते का हे गाडी भरलेली असताना, स्टिअरिंग पूर्ण वळवून बघ. रिकाम्या गाडीला काहीच घासत नाही.

माझे विचारशील तर दार उघड. दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर कंपनीची पट्टी असते, त्यावर माप आणि हवा लिहिलेली असते. आधीच्या मालकाने तुझ्या गाडीवर जे चढवले ते पट्टीवरचेच असेल असे धरू नकोस. पट्टीवरचे माप घे, मालवाहू जातीचे घे, आणि भाराचा आकडा काट्यावरून निघेल त्यापेक्षा दोन-चार अंकांनी वरचा घे. नुसती एलटी, म्हणजे मालवाहू टायरची, अक्षरे पाहून भुलू नकोस. २१५/७५ आर १५ मध्ये एलटी टायरही १०० चा मिळतो आणि १०६ चाही मिळतो. वरून दोघे जुळे भाऊ. दुकानदार नुसते "हेवी आहे" म्हणाला तर हसून त्याला आकडा विचार.

पासिंगलाही पट्टीचे माप बरे पडते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की कंपनीने दिले त्यापेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत. आणि काही विपरीत घडले तर विमावाला सगळ्यात आधी चाकांकडेच बघतो.

हवा. भाराचा आकडा पूर्ण हवेलाच खरा असतो हे लोक विसरतात. हजार किलोचा टायर निम्म्या हवेवर हजाराचा राहत नाही. मागची हवा पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी जेवढी दिली तेवढी, पहाटे निघण्याआधी, टायर थंड असताना बघायची. घाट उतरून खाली मोजशील तर जास्त दाखवेल. घाबरून सोडू नकोस, तापल्यामुळे वाढलेली असते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देऊ नकोस, साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के तोच असतो. माझे पोरगे दुकानात नायट्रोजनची पाटी लावणार म्हणते, त्याला हे पत्र दाखवू नकोस.

आता त्या विकणाऱ्याला विसार दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर टायरवर शेवटी चार आकडे असतात ते वाच. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर निम्म्याहून जास्त शिल्लक म्हणतोस, पण उन्हात उभ्या गाडीचे रबर न झिजताच म्हातारे होते. बाजूला बारीक भेगा दिसतात का बघ, आणि तारीख सांगून पैसे परत माग. लाजू नकोस.

बुधवारी गाडी रिकामी असते ना तुझी? घेऊन ये. दोन मागचे आधी बदलू, पुढचे अजून दिवाळीपर्यंत चालतील. एका आसावर एकाच जातीचे दोन हवेत, त्यामुळे एक नवा, एक जुना हा तुझा हिशेब चालणार नाही. पैशाचे बघू, टोमॅटोचा भाव लागला की दे. मामीने तुझ्या आईसाठी लोणच्याची बरणी काढून ठेवली आहे.

आणि येताना स्टेपनी हौद्याखालून सोडवून वर टाकून आण. आधीच्या मालकाने ती कधी उतरवली असेल असे मला वाटत नाही. तिच्यावरचे चारही आकडे मला बघायचे आहेत.

तुझा,
मामा