माळव्यातील परतीचा पाऊस

भाद्रपद सरत आला की माळव्यातील शेतकरी दोन परस्परविरुद्ध इच्छा मनात बाळगून आकाशाकडे पाहतो. सोयाबीनच्या शेंगांत दाणा भरत असेल, तर आणखी एक सर हवी असते. पीक पिवळे पडून कापणीस आले असेल, तर उघडीप हवी असते. पुष्कळदा या दोन्ही अवस्था एकाच बांधाच्या दोन बाजूंस नांदत असतात. अशा वेळी चार दिवस लख्ख ऊन पडले म्हणजे प्रश्न उभा राहतो : ही उघडीप आहे, की पावसाने निरोप घेतला?

हवामानाच्या नकाशात इंदूर-उज्जैनचा हा प्रदेश दमट उपोष्ण आणि उष्ण गवताळ या दोन पट्ट्यांच्या सीमेवर येतो. येथील वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, आणि त्याचा मोठा हिस्सा बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे मिळतो. राजस्थानपासून उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा उत्तरेस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडच्या नद्यांना पूर येतात आणि माळवा कोरडा पडतो. ही झाली उघडीप. उपसागरात नवे क्षेत्र निर्माण झाले की पट्टा पुन्हा दक्षिणेस उतरतो व पाऊसही परततो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी पडला. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढे सप्टेंबरच्या मध्यास त्याच माळव्यात मुसळधार पाऊस कोसळला.

निरोपाची गोष्ट वेगळी. राजस्थानवर हवा वरून खाली उतरू लागते. उतरताना ती दाबली जाऊन तापते व कोरडी होते. म्हणून हवामान खाते केवळ ऊन पाहून निर्णय करीत नाही. सलग पाच दिवस पावसाचा अभाव, खालच्या थरांत जास्त दाबाचे प्रतिचक्रवात आणि हवेतील बाष्पाची घट, ही तिन्ही लक्षणे जुळावी लागतात. विद्यार्थ्यांनी वातकुक्कुटाची दिशा आणि ओल्या-कोरड्या तापमापकांतील फरक रोज दुपारी लिहून ठेवावा. उघडिपीत वारा सहसा पश्चिमेचा राहतो व हा फरक बेताचाच असतो. निरोपानंतर वारा वायव्य-उत्तरेकडे वळतो आणि फरक वाढत जातो. तापमापक नसेल, तर स्वयंपाकघरातील खडेमिठाची बरणी पाहावी. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढू लागते. ही परीक्षा अगदी तंतोतंत नव्हे, पण फुकटची आहे.

आता पाण्याचा हिशेब करू. भरल्या शिवारातून या दिवसांत रोज ४ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर बारा दिवसांच्या खंडात ४८ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ४ लाख ८० हजार लिटर पाणी जाते. खोल काळी जमीन मीटरभर थरात पिकाला उपयोगी असे दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. तिला हा खंड सोसतो. टेकडीच्या उतारावरील मुरमाड, उथळ जमिनीची पुंजी मात्र त्याआधीच संपते, आणि तेथील दाणा बारीक राहतो. ‘बारा दिवस पाऊस नाही’ या एकाच वाक्याचा अर्थ दोन शेतांत असा निराळा होतो. उलट, कापून पसरलेल्या सोयाबीनवर ऑक्टोबरात पाऊस आला तर शेंगा काळवंडतात. हरभऱ्याच्या पेरणीसाठी तीच ओल हवीहवीशी असते.

आमच्या गोव्यात दसऱ्यानंतरही संध्याकाळी सह्याद्रीकडून गडगडत सरी येतात. दख्खनमध्येही हस्त, चित्रा, स्वाती या नक्षत्रांच्या पावसावर रब्बीची भिस्त असते. स्वातीच्या पावसाने मोती पिकतात, असे येथील मराठी घरांतून अजूनही ऐकू येते. परंतु ही म्हण पूर्वजांनी दक्षिणेतून सोबत आणली. हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतो आणि स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमारास. माळव्यातून मोसमी पाऊस सामान्यतः सप्टेंबरअखेर वा ऑक्टोबरच्या आरंभी निघून जातो. तेव्हा स्वातीचे मोती येथे क्वचितच वाट्यास येतात.

तारखाही अचल नसतात. पश्चिम राजस्थानातून पाऊस परतू लागण्याची सामान्य तारीख, १९०१ ते १९४० च्या नोंदींवरून, १ सप्टेंबर मानली जात असे. २०२० मध्ये ती १७ सप्टेंबर करण्यात आली. त्याआधीच्याच वर्षी, २०१९ मध्ये, ही परती सुरू व्हावयास ९ ऑक्टोबर उजाडला होता. तोवर १९६१ चा १ ऑक्टोबर हा सर्वांत उशिराचा दिवस होता. त्या २०१९ च्या सप्टेंबरात मंदसौरकडील गावांत पुराचे पाणी शिरले, आणि ज्या शेतकऱ्यांनी पंचांग पाहून खळी सारवून ठेवली होती, त्यांना ती पुन्हा सारवावी लागली असतील.