इंदूरचे खत आणि हॉवर्डसाहेब

आपण अंगात सुती सदरा घालतो, पण गणपतीपुळ्यात कापसाचे शेत शोधून सापडणार नाही. इथला धो-धो पाऊस आणि कातळाची जमीन कापसाला मानवत नाही. तो होतो खानदेश, विदर्भ, मराठवाडा, माळवा इकडच्या काळ्या जमिनीत.

त्या काळ्या जमिनीसाठी झटलेले शास्त्रज्ञ म्हणजे सर अल्बर्ट हॉवर्ड. जन्म १८७३, इंग्लंडातल्या शेतकऱ्याच्या घरी. १९०५ साली ते बिहारमध्ये पुसा येथील सरकारी शेती-संस्थेत आले. तिथे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती काढल्या. बाईही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. आसपासचे शेतकरी औषध न मारता निरोगी पीक काढतात, हे पाहून साहेबांनी त्यांनाच गुरू केले. किडीलासुद्धा ते गुरू मानत. कीड पडली म्हणजे शेतीत कुठेतरी चुकते आहे, असे ते म्हणत.

पुढे १९२४ साली कापसाच्या संशोधनासाठी इंदूरला संस्था निघाली. होळकर संस्थानाने ३०० एकर जमीन दिली. नुसते बियाणे सुधारून भागणार नाही, जमीनच उपाशी आहे, असे साहेबांचे मत पडले. आणि ते खरेच होते. कापूस विकला, पऱ्हाट्या (म्हणजे कापसाची वाळलेली झाडे) चुलीत गेल्या, शेणाच्या गोवऱ्या थापल्या. मग जमिनीला परत काय मिळाले? थोडी राख!

पण पऱ्हाटी लाकडासारखी टणक, ती कुजायची कशी? त्यांनी ती गाडीवाटेवर पसरली. बैलगाड्यांच्या चाकांखाली ती आपोआप चेचली गेली. मग दोन-तीन फूट खोल खड्ड्यात तिचे आणि इतर पाल्याचे थर दिले. मध्ये शेण, राख आणि गोठ्यातली मुताने भिजलेली माती घातली. दुधाला विरजण लावतात तसे थोडे जुने खतही मिसळले. वर पाणी शिंपडले. आत सूक्ष्म जीव कामाला लागले की ढीग चांगला तापतो. त्या जिवांना हवा लागते, म्हणून तो तीनदा उलथायचा. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार!

या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांनी १९३१ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. या रीतीला साहेबांनी स्वतःचे नाव दिले नाही, 'इंदूर पद्धत' म्हटले. त्याच साली ते इंग्लंडला परतले. त्यांची रीत मात्र आफ्रिकेतल्या कॉफीच्या आणि इतर देशांतल्या चहाच्या मळ्यांपर्यंत गेली. १९४७ साली ते वारले.

यात मेहनत फार आहे हे कबूल केले पाहिजे. शिवाय ज्या घरात सरपण नाही, तिथे गोवऱ्या थापू नका असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आपल्याकडे पऱ्हाट्या नाहीत, पण आगरात पातेरा पडतो, गवत निघते, गोठ्यात शेण असते. यातले पुष्कळसे भाजावळीत जाते. उरलेले गायरीत पडते, पण ती कोणी उलथत नाही. खड्डा करायचा तर आपल्या पावसात त्याची विहीरच होईल, असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर इंदूरला सापडले होते. पावसाळ्यात ते खड्डा वापरत नसत, जमिनीवरच ढीग रचत.