काकींची वही

आता तुम्हांला लिहिता येऊ लागले आहे. सही येते. मुलाला पत्र लिहिता येते. दुकानाचा हिशेब वाचता येतो. आज आणखी एक लिहिण्याजोगी गोष्ट सांगतो. ती आपल्या चुलीपाशीच आहे.

आमचे गाव कोकणात आहे. पावसाळ्यात मांडवावर तवशी लागतात. तवसे म्हणजे मोठी काकडी. ती हातभर लांब होते आणि पिकली की पिवळी पडते. घरोघरी ती आढ्याला टांगून ठेवतात. अशी टांगलेली तवशी पुढे पुष्कळ दिवस टिकतात.

श्रावण-भाद्रपदात माझी आई तवशाचे धोंडस करी. कुठे कुठे याला तवसोळी म्हणतात. धोंडस म्हणजे आपल्या घरचा केकच. त्याला भट्टी लागत नाही की अंडे लागत नाही. जाड बुडाचे पातेले, चूल आणि चार निखारे असले की झाले. धोंडस होत आले की त्याचा खरपूस वास पार पाणंदीपर्यंत जाई. आम्ही मुले खेळ टाकून घरी धावत येत असू.

१९९४ साली आई गेली. पुढच्या श्रावणात धाकटी बहीण माहेरी आली. ती म्हणाली, “दादा, आईचं धोंडस करू या.” आम्ही करायला बसलो, आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. रवा किती? गूळ किती? किती वेळ ठेवायचे? कुणालाच ठाऊक नव्हते. तरी केले. खालून करपले आणि मधे कच्चे राहिले. दुसऱ्या वर्षी केले, ते दगडासारखे झाले. तिसऱ्या वर्षी केलेच नाही.

मला तेव्हा फार लाज वाटली. मी शाळामास्तर. मुलांकडून रोज शुद्धलेखन लिहून घेणारा. आई चाळीस वर्षे माझ्या डोळ्यांसमोर धोंडस करीत होती. मी एक ओळही लिहून ठेवली नाही. तिला लिहिता येत नव्हते, मला येत होते. मग चूक कोणाची?

पुढे मी सेवानिवृत्त झालो आणि गावात रात्रीचा साक्षरता वर्ग घेऊ लागलो. त्या वर्गात शेजारच्या वाडीतल्या एक काकी येत. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. पाटीवर अक्षर काढताना हात थरथरे, पण एक दिवस चुकवला नाही. सहा महिन्यांनी मी सर्वांना सांगितले, “आता स्वतःच्या मनाने काहीतरी लिहून आणा.” कोणी देवाचे नाव लिहिले, कोणी नातवंडांची नावे लिहिली. काकींनी वहीचे एक पान भरून आणले. वर लिहिले होते, “धोडस.” अनुस्वार राहिला होता.

मी ते पान वाचले आणि थांबलो. म्हटले, “काकी, हे तुम्ही कुठे शिकलात?”

काकी हसल्या. म्हणाल्या, “अरे बाबा, तुझ्या आईनंच शिकवलं मला. मी नवी नवरी होते तेव्हा. तुझी आई कीस कधी पिळायची नाही. तवशाचं पाणी असतं ना, त्यातच रवा शिजवायची. वरून पाणी घालायची नाही.”

आमची चूक तिथेच झाली होती. आम्ही कीस पिळून त्याचे पाणी फेकले होते आणि वर साधे पाणी ओतले होते.

काकींच्या पानावरचे धोंडस असे आहे. प्रमाण आम्ही दोघांनी नंतर वाटीने मोजून घेतले.

साहित्य : तवशाचा कीस पाण्यासकट २ वाट्या, तांदळाचा जाडसर रवा १ वाटी, चिरलेला गूळ १ वाटी, ओले खोबरे अर्धी वाटी, तूप ३ चमचे, वेलदोडे ४, चिमूटभर मीठ. घरात असले तर थोडे काजू.

कृती : आधी तवशाचा तुकडा चाखून पाहा. कडू लागला तर ते तवसे वापरू नका. कडूपणा शिजवून जात नाही, आणि फार कडू काकडी खाल्ली तर पोट बिघडते. तवसे गोड असेल तर साल आणि बिया काढून किसा. कीस पिळू नका. पातेल्यात दोन चमचे तूप घालून रवा मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा आणि बाजूला काढा. त्याच पातेल्यात कीस आणि गूळ एकत्र करून उकळी आणा. मग रवा, खोबरे, मीठ घालून ढवळा. झाकण ठेवून वाफ येऊ द्या. फारच घट्ट वाटले तर थोडे नारळाचे दूध घाला. शेवटी वेलदोड्याची पूड आणि काजू घाला.

आता दुसऱ्या जाड पातेल्याला आतून तूप लावा. त्यात मिश्रण थापा. पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवा. वर लोखंडी किंवा पितळी झाकण ठेवून त्यावरही निखारे ठेवा. खाली कमी, वर जास्त. चाळीस मिनिटांनी सुरी खुपसून पाहा. ती कोरडी निघाली आणि वरचा थर तांबूस झाला, की धोंडस झाले. निवल्यावर वड्या पाडा. गरम असताना कापले तर मोडते.

वर निखारे का ठेवायचे? नुसती खालून आच दिली तर बूड करपते आणि वरचा भाग ओला राहतो. बेकरीच्या भट्टीत उष्णता चहूकडून लागते. तेच काम इथे खालचे-वरचे निखारे करतात. उष्णता आपोआप वर जाते, म्हणून वरच्या निखाऱ्यांचा जोर जास्त ठेवावा लागतो. गोव्यातली बिबिंक नावाची मिठाईही अशीच वरच्या आचेवर एकेक थर देऊन भाजतात. विदर्भात कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. गाव बदलले की भाजण्याची रीत बदलते.

आता पुष्कळ घरी चूल नाही, गॅस आहे. तरी अडत नाही. कुकरमध्ये बोटभर जाडीचा मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर द्या. त्यावर एक ताटली किंवा तिवई ठेवा. पाणी घालू नका. झाकणाची शिट्टी आणि रबर काढून ठेवा. दहा मिनिटे तापवा, मग तूप लावलेला डबा आत ठेवून झाकण लावा. आच मंद ठेवा. आमच्या घरी आता असेच करतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुमच्याही घरात असा एखादा पदार्थ असेल. कोणाकडे सासूबाईंची पुरणपोळी असेल, कोणाकडे आजीचे लोणचे. तो लिहून ठेवा. कसा लिहायचा ते सांगतो.

म्हाताऱ्या माणसाला नुसते विचारू नका. ती म्हणते, “अंदाजानं घालते.” त्यात तिची चूक नाही, तिचा हात हेच तिचे माप आहे. ती करीत असताना शेजारी बसा. तिची मूठ पातेल्यात पडण्याआधी वाटीत घ्या, मोजा आणि लिहा. वाटी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेवा.

जुनी माणसे शेर, पावशेर, छटाक अशी वजने सांगतात. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम, आणि छटाक सुमारे ५८ ग्रॅम. १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅम बाजारात येऊ लागले. पण धान्य मोजायचा मापी शेर निराळा असे. म्हणून आजी “शेर” म्हणाली तर आधी विचारा, “वजनाचा की मापाचा?”

वेळेबरोबर खूणही लिहा. “वास सुटला,” “कडेने तूप सुटले,” “सुरी कोरडी निघाली.” घड्याळ चुकेल, खूण चुकत नाही. पदार्थाखाली तो कोणी शिकवला, कोणत्या गावचा, कोणत्या सणाला करतात, तेही लिहा. मग एकदा त्या कागदावरून स्वतः करून पाहा. जिथे अडेल तिथे लगेच जाऊन विचारा. आज विचारायला माणूस आहे.

“आम्ही थोडे शिकलेले, आम्ही काय लिहिणार?” असे म्हणू नका. कमलाबाई ओगले यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते. सासूबाईंच्या हाताखाली त्या स्वयंपाक शिकल्या. १९७० साली त्यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी वाटी-चमच्याची साधी मापे दिली. महाराष्ट्रात कितीतरी नव्या सुना ते पुस्तक समोर ठेवून स्वयंपाक शिकल्या.

आणि हे काम बायकांचेच आहे असेही पुरुषांनी समजू नये. खाताना आपण पुढे असतो. लिहिताना मागे का?

काकींच्या वहीत आता अकरा पदार्थ झाले आहेत. त्यांची सून मुंबईला असते. काकी म्हणतात, “फोनवर सांगते, पण एक सांगते नि एक विसरते. लिहून दिलं की राहील.” मी त्यांच्या वहीची एक नक्कल करून दिली. एक वही इथे, एक मुंबईला. “धोडस” वरचा अनुस्वार मात्र मी घातला नाही. तो पुढच्या आठवड्यात काकींनी स्वतःच घातला.

गेल्या श्रावणात बहीण आली होती. पान समोर ठेवून आम्ही धोंडस केले. करपले नाही. चव आईच्या धोंडसाच्या जवळ आली. बहिणीने पहिली वडी देवापुढे ठेवली आणि दुसरी काकींना नेऊन दिली.

प्रश्न

१. भावा-बहिणीचे धोंडस पहिल्यांदा का बिघडले?
२. झाकणावर निखारे का ठेवतात?
३. पावशेर म्हणजे सुमारे किती ग्रॅम?
४. आज घरी जाऊन घरातल्या वडील माणसाला एक पदार्थ विचारा. साहित्य आणि कृती वहीत लिहा. खाली शिकवणाऱ्याचे नाव लिहा. उद्या वर्गात वाचून दाखवा.