ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होत नाही? नवी घेण्याआधी हे बघा



ऑक्टोबर छाटणी जवळ आली की अवजार बँकेत ठरलेला फोन येतो: "सेल्फ मारला की नुसतं टक् होतंय, बॅटरी गेली वाटतं." पावसाळाभर छोटा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो आणि नेमका डाऊनीच्या फवारणीच्या दिवशी पहाटे चालू होत नाही. मग घाईत नवी बॅटरी आणली जाते.

गेल्या हंगामात आपल्या बँकेच्या ट्रॅक्टरला आम्हीही तेच केलं. नवी बॅटरी आठ दिवसांत उतरली. दोष निघाला फॅन बेल्टमध्ये. बेल्ट ढिला, आतून घासून चकचकीत झालेला. इंजिन जरा जास्त तापत होतं, तीच खूण होती, पण तिकडे आमचं लक्ष नव्हतं.

म्हणून आधी एवढंच ठरवायचं: *बॅटरी करंट धरत नाही, की करंट बॅटरीपर्यंत पोचतच नाही?* त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला.

*सकाळी, चालू करण्याआधी:* १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे थोडी उतरलेली. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

*इंजिन चालू, मध्यम रेसवर:* आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो १२ वरच रेंगाळत असेल तर करंट पोचत नाही, आणि अशा ट्रॅक्टरला नवी बॅटरी लावली तरी तीही उतरणार. १५ च्या वर जात असेल तर उलटा त्रास, रेग्युलेटर गेलाय. अशा बॅटरीत पाणी सारखं कमी होतं.

*सेल्फ मारताना:* चार्जरवर पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा ९.५ च्या खाली कोसळत असेल तर ती थकली. रात्रभर चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकली, तर बहुधा सहापैकी एक सेल मेलाय. आता मात्र नवी घ्या.

करंट पोचत नसेल तर आधी टर्मिनल बघा. पांढरं-हिरवं साचलेलं असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, बॅटरीची बुचं घट्ट लावून. कोरडं करून आवळा, वरून व्हॅसलिन. मायनसची वायर ट्रॅक्टरच्या बॉडीला जिथे बसते ती जागाही घासा. तिथला गंज वरून दिसत नाही. मग बेल्ट. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर दबला पाहिजे.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो. चावी फिरवूनही तो लागतच नसेल तर "बरं झालं, तक्रार नाही" असं समजू नका. बऱ्याच ट्रॅक्टरांत डायनॅमोला (म्हणजे अल्टरनेटरला) पहिला करंट याच दिव्यातून मिळतो. दिवा उडाला की डायनॅमो चांगला असूनही चार्जिंग होत नाही. त्यामुळे डायनॅमो खोलायच्या आधी बल्ब आणि फ्यूज बदलून बघा.

सगळं ठीक आहे, तरी उभ्या-उभ्या बॅटरी उतरते? संध्याकाळी मायनसची वायर काढून ठेवा. सकाळी जोडल्यावर ट्रॅक्टर नीट चालू झाला तर वायरिंगमध्ये गळती आहे. पहिला संशय मागाहून लावलेल्या टेप आणि जादा लाईटवर घ्या.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं नाही, विहिरीचं तर नाहीच, आणि वरून ॲसिडही ओतायचं नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी शेताच्या दोन फेऱ्यांत भरत नाही. चार्जरवरच लावा, एएचच्या दहाव्या भागाने: ७५ एएचला साडेसात अँपिअर. म्हणजे एक अख्खी रात्र, कधी जास्तही.

*या चार गोष्टी कधीच करू नका:*
• चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "डायनॅमो तपासणं". डायोड जळतात. मिस्त्री म्हणाला तरी नको.
• खाली उभं राहून पान्याने सेल्फ शॉर्ट करणं. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर थेट अंगावर येतो. यात माणसं गेली आहेत.
• चार्जिंगच्या वेळी जवळ बिडी, काडी, ठिणगी. बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो.
• बॅटरी जोडलेली ठेवून ट्रॅक्टरवर वेल्डिंग.

वायर काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.

मल्टिमीटर अवजार बँकेत ठेवला आहे, सभासदांनी नोंद करून न्यावा. तिन्ही आकडे लिहून त्याचा फोटो ग्रुपवर टाका. बॅटरी बदलायची की बेल्ट, ते बघून सांगू. छाटणीला अजून वेळ आहे तोवर करा. फवारणीच्या पहाटे फोन आला तर आमच्याही हातात काही राहत नाही.