शेजारच्या खोलीतला संगणक सापडत का नाही?

प्रश्न : खाली हॉलमध्ये विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, वर माझा विंडोज ११ चा लॅपटॉप. डेस्कटॉपवरचा फोटोंचा फोल्डर शेअर केलाय. पण लॅपटॉपच्या 'नेटवर्क'मध्ये तो संगणक कधी दिसतो, कधी गायब. दिसला तरी पासवर्ड मागतो आणि माझा चार आकडी पिन काही घेत नाही. पूर्वी होमग्रुपवर हे काम चुटकीसरशी व्हायचं. आता नेमकं काय बिघडलं? — एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा बिघडलेलं काहीच नाही, विंडोज सावध झालंय. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला. फायलींच्या देवाणघेवाणीसाठी विंडोज 'एसएमबी' ही पद्धत वापरतं. तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरायचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० नव्याने टाकताना ही आवृत्ती आपोआप येणं बंद झालं. २०१८ मध्ये होमग्रुपही गेला.

नेटवर्कमधल्या संगणकांची जुनी यादी याच पहिल्या आवृत्तीवर विसंबून होती. आता प्रत्येक संगणकाने स्वतःच 'मी इथे आहे' अशी वर्दी द्यायची असते. ती देणारी सेवा सुरू नसेल किंवा डेस्कटॉप झोपी गेला असेल, तर नाव यादीत येत नाही. म्हणून यादीच्या नादी लागू नका, थेट पत्ता टाका. डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या आणि 'आयपीव्ही४' समोरचा आकडा टिपून घ्या. समजा तो १९२.१६८.१.७ आहे. लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये \\१९२.१६८.१.७ असं इंग्रजी आकड्यांत टाकून एंटर दाबा. पुढे जे होईल, त्यावरून दोष कुठे आहे ते कळेल.

फोल्डर उघडला, तर फक्त यादीचा घोळ आहे. डेस्कटॉपवर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा 'ऑटोमॅटिक' करा.

'नेटवर्क पाथ' सापडत नाही असा संदेश आला, तर लॅपटॉप तिथवर पोहोचतच नाही. त्याचाही पत्ता बघा. तो १९२.१६८.०.५ असा निघाला, म्हणजे तिसरा आकडा वेगळा असला, तर वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या राउटरने आपलं वेगळं नेटवर्क थाटलं असावं. त्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका. पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर तर नाही ना, तेही बघा. मग दोन्हीकडे वायफायच्या किंवा केबलच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. 'पब्लिक' म्हणजे स्टेशनवरचं किंवा हॉटेलातलं वायफाय असं विंडोज धरून चालतं आणि फायरवॉल आडवी घालतं. 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू हवं. वेगळा अँटिव्हायरस असेल, तर त्याची फायरवॉलही तपासा.

पासवर्ड विचारला, तर रस्ता मोकळा आहे, आता प्रश्न फक्त ओळखीचा. तुमचं खरं अडलंय ते इथेच. पिन त्या त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. इथे लागतो डेस्कटॉपवरच्या खात्याचा पासवर्ड. ते मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर पूर्ण ईमेल आणि त्याचा पासवर्ड द्या. बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. सोपा मार्ग असा, की डेस्कटॉपवर पासवर्डसह एक साधं लोकल खातं उघडा आणि फोटोंच्या फोल्डरची परवानगी त्याला द्या. ही परवानगी 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' अशा दोन्ही टॅबमध्ये हवी. दोहोंपैकी जी कडक, तीच लागू होते. आधी चुकीचा पासवर्ड सेव्ह झाला असेल, तर लॅपटॉपच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधून तो काढून टाका.

कुणी तुम्हाला एसएमबीची पहिली आवृत्ती परत सुरू करायला सांगेल, कुणी पासवर्डची अटच काढून टाका म्हणेल. दोन्ही टाळा. पहिल्या आवृत्तीची गरज एक्सपीसारख्या फार जुन्या यंत्रणांनाच पडते. विंडोज ७ सुद्धा तिच्याशिवाय चालतं. तुमच्या दोन्ही संगणकांना ती मुळीच नको.