छतावरची सौरवीज आणि बिलावरचे नाव

प्रश्न : शहादा येथील घराचे वीजबिल दिवंगत वडिलांच्या नावे असल्यास सौरसंचाचा अर्ज मुलाला करता येतो का?

उत्तर : नंदुरबार जिल्ह्यात वीजवितरण महावितरणकडे असून, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांकाशी जोडलेला असल्याने, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती व घराच्या मालकीचा पुरावा देऊन वीजजोडणी आधी मुलाच्या नावे करून घेणे इष्ट ठरते. बिल, आधार आणि बँक खाते यांवरील नावे जुळली नाहीत, तर तीन किलोवॅटच्या संचाला मिळणारे ७८,००० रुपयांचे अनुदान अडकू शकते, आणि आडनावाच्या स्पेलिंगची चूकही त्यास पुरेशी असते. नेट मीटरिंगचा, म्हणजे घेतलेल्या विजेतून ग्रीडला दिलेली वीज वजा करण्याचा, करारही जोडणीधारकाशीच होतो. वाचकाने प्रथम नावबदलाचा अर्ज द्यावा. पॅनेलचे दर नंतर विचारावेत.