सावंतवाडीचा गंजिफा

आंबोलीचा घाट उतरून कोकणात आले, की सावंतवाडी हे गाव लागते. पश्चिमेस वेंगुर्ल्याचा समुद्रकिनारा, वायव्येस मालवण आणि दक्षिणेस गोवा, अशा मोक्याच्या जागी हे गाव वसलेले आहे. गावाच्या मध्यभागी मोती तलाव असून त्याच्या काठी भोसले घराण्याचा राजवाडा उभा आहे. पूर्वी सावंतवाडी हे एक संस्थान होते. १९४८ साली ते विलीन झाले, आणि १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे.

या गावात चितार आळी नावाची एक आळी आहे. चितारी म्हणजे चित्रे रंगविणारा कारागीर. आळीतील दुकानांत लाकडाचे आंबे, केळी, काजू, अननस, कारली आणि मिरच्या मांडून ठेवलेल्या असतात. त्यांचा रंग आणि आकार इतका हुबेहूब असतो, की पाहणाऱ्याला ती खरीच फळे वाटावीत. मुलींच्या भातुकलीची लहान लहान भांडी, मुलांच्या बैलगाड्या, लग्नकार्यातील रंगीत पाट व चौरंग हेही येथे मिळतात. घरात लागणाऱ्या आणि आप्तेष्टांना प्रेमाने द्यावयाच्या अशा कितीतरी वस्तू येथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घडवीत आले आहेत. मुलांच्या खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड पसंत केले जाई. कारण ते हलके व मऊ असते आणि त्यावर हत्यार सहज चालते.

परंतु सावंतवाडीच्या चिताऱ्यांची सर्वांत नाजूक कारागिरी लाकडावर नव्हे, तर तळहातावर मावणाऱ्या गोल पानांवर दिसते. या पानांना गंजिफा म्हणतात.

गंजिफा हा पत्त्यांचा एक जुना खेळ आहे. आपल्या देशात तो मोगलांच्या काळी विशेष प्रसार पावला. बाबर बादशहाने १५२७ साली सिंध प्रांतातील आपल्या एका मित्राला गंजिफाची पाने भेट म्हणून पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फजल यानेही ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात या खेळाचे वर्णन केले आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने असत. पुढे हा खेळ देशाच्या निरनिराळ्या भागांत गेला आणि जेथे गेला तेथला होऊन राहिला. बंगालमध्ये विष्णुपूर, ओरिसात रघुराजपूर आणि दक्षिणेत म्हैसूर येथे त्याची आपापली रूपे तयार झाली. सावंतवाडीत तो खेम सावंत तिसरे यांच्या काळी, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात आला, असे सांगतात. तेलंगणातून आलेल्या विद्वान पंडितांनी राजाला या खेळाची माहिती दिली आणि राजाने आपल्या चिताऱ्यांकडून ही पाने तयार करवून घेतली, अशी परंपरागत समजूत आहे.

सावंतवाडीचा प्रसिद्ध गंजिफा म्हणजे दशावतारी गंजिफा होय. विष्णूचे दहा अवतार हे या खेळातील दहा रंग. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की असा त्यांचा क्रम. प्रत्येक रंगात बारा पाने असतात. त्यांपैकी एक राजा, एक प्रधान आणि उरलेली एक्क्यापासून दहापर्यंतची. म्हणजे एका संचात एकंदर १२० पाने झाली. राजा व प्रधान यांच्या पानांवर आकृतिचित्रे काढलेली असतात. इतर पानांवर त्या त्या अवताराचे चिन्ह असते. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. सत्तीच्या पानावर सात मासे आणि दश्शीच्या पानावर दहा मासे असल्यामुळे, ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही पान ओळखता येते.

हा खेळ बहुधा तिघेजण खेळतात. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. हातांत चाळीस पाने सांभाळणे हेच मुळी कौशल्याचे काम! शिवाय या खेळात एक मौजेचा नियम आहे. दहांपैकी पाच रंगांत राजा व प्रधान यांच्या खालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच रंगांत मात्र याच्या उलट, एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. कोणाची कोणती पाने खेळून गेली आणि कोणती उरली, हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणून या खेळात दैवापेक्षा स्मरणशक्तीची परीक्षा अधिक होते. खेळाचा आरंभही विचारपूर्वक ठरविलेला आहे. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याने सुरुवात करावयाची. रात्री मांडला तर ज्याच्या हाती कृष्णाचा राजा असेल त्याने. राम सूर्यवंशी आणि कृष्ण चंद्रवंशी, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमातील औचित्य कळून येते.

आता ही पाने कशी तयार होतात ते पाहण्यासारखे आहे.

जुन्या पद्धतीत पानांसाठी सुती कापड वापरीत. नव्या कापडापेक्षा वापरून मऊ झालेले कापड या कामी सोयीचे पडते. प्रथम चिंचोक्यांची खळ तयार करावयाची. त्यासाठी चिंचोके भाजून त्यांची टरफले काढतात, आतला पांढरा गर भिजवून वाटतात आणि पाण्यात शिजवितात. ही खळ चिकट असते, आणि वाळल्यावर कापडाला ताठपणा आणते. खळ लावून कापडाचे थर एकावर एक चिकटवितात. मध्ये कोठेही हवेचा फुगा राहता कामा नये. राहिला तर पुढे त्या जागी पान सुटते. थर उन्हात वाळले, की त्यांवर खडूच्या भुकटीचा लेप देतात. तो लेप सुकला म्हणजे गुळगुळीत दगडाने पृष्ठभाग घोटतात. घोटून घोटून कापडाचे विणकाम दिसेनासे होते आणि ते हस्तिदंतासारखे तुळतुळीत लागते. मग त्यातून सारख्या मापाच्या गोल चकत्या कापून काढतात. पुढे पुढे कापडाऐवजी कागदाचे थरही वापरले जाऊ लागले.

त्यानंतर रंगकाम. प्रत्येक अवताराच्या पानांची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची असते. आधी पार्श्वभूमी, मग कडेची वेलबुट्टी, नंतर चिन्हे व आकृती आणि सर्वांत शेवटी डोळे, दागिने, वस्त्रांच्या किनारी असा क्रम असतो. बारीक रेषांसाठी अगदी मोजक्या केसांचा कुंचला लागतो. रेषा एका दमात ओढावी लागते. मध्येच हात थांबला तर तेथे ठिपका पडतो. रंग वाळल्यावर लाखेच्या रोगणाचा हात देतात. त्यामुळे पानाला चकाकी येते आणि हाताच्या घामाने रंग पुसला जात नाही. शेवटी पाने ठेवण्यासाठी लाकडी पेटी तयार करतात. तीही चित्रांनी सजविलेली असते.

या कामाला किती चिकाटी लागते, याचा थोडा हिशेब करून पाहावा. एका रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पानांवर एकूण पंचावन्न चिन्हे येतात. दहा रंगांची मिळून साडेपाचशे चिन्हे झाली. त्यांत राजे व प्रधान यांची वीस चित्रे मिळवावयाची. यांतील एकेक आकृती हाताने काढावयाची, आणि तीही अशी, की पहिल्या पानावरचा मासा आणि दहाव्या पानावरचा मासा एकाच तळ्यातले वाटावेत.

अशा या कलेवर पुढे वाईट दिवस आले. यंत्रावर छापलेले, चार रंगांचे आणि बावन्न पानांचे विलायती पत्ते बाजारात आले. ते स्वस्त होते, शिकावयास सोपे होते आणि हरवले तर दुसरे घेता येत. लोकांनी ते उचलले. गंजिफा खेळणारे कमी झाले, तशी पानांची मागणी घटली. मागणी घटली, तशी चिताऱ्यांची मुले दुसऱ्या कामधंद्याकडे वळली. बापाने मुलाला शिकवावे आणि मुलाने नातवाला, अशी ही विद्या होती. तिची सारी मापे आणि प्रमाणे कारागिरांच्या बोटांत होती. त्यामुळे हात थांबला, की विद्याही थांबणार, हे उघड होते. अखेर अशी पाळी आली, की सावंतवाडीत गंजिफा रंगविण्याचे काम जाणणारे पुंडलिक चितारी हे एकटे वृद्ध कलावंत उरले.

ही गोष्ट सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या मनाला लागली. संस्थान विलीन झाले होते. कलावंतांना जुन्या काळासारखा राजाश्रय देण्याचे दिवस संपले होते. कलेचे कौतुक करून किंवा थोडे पैसे देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता. विद्या एका माणसाच्या हातातून दुसऱ्या माणसाच्या हातात गेली, तरच ती वाचणार होती. तेव्हा त्या दोघांनी स्वतःच शिष्य व्हावयाचे ठरविले. पुंडलिक चिताऱ्यांकडून त्यांनी ही कला शिकून घेतली. ज्यांच्या पूर्वजांनी चिताऱ्यांना आश्रय दिला होता, ते आता चिताऱ्याचे विद्यार्थी झाले.

स्वतः शिकल्यावर त्यांनी इतरांना शिकविण्याची व्यवस्था केली. १९७१ साली ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था स्थापन झाली आणि राजवाड्यातच काम सुरू झाले. गावातील तरुण मुले-मुली येथे कुंचला धरावयास शिकली. जेथे एके काळी दरबार भरत असे, त्या दालनात कारागीर मांडी घालून बसले आणि गोल पाने रंगवू लागले. सत्त्वशीलादेवी २०१८ साली निवर्तल्या. परंतु तोपर्यंत त्यांच्या हाताखाली कारागिरांची नवी पिढी तयार झाली होती. २०२४ साली सावंतवाडीचा गंजिफा आणि सावंतवाडीची लाकडी कारागिरी यांना भौगोलिक मानांकन मिळाले. या नावाने दुसरीकडची वस्तू कोणी विकू नये, यासाठी या मानांकनाचा कायद्याने उपयोग होतो.

तरीही काळजी सर्वस्वी दूर झाली, असे म्हणता येणार नाही. आज बहुतेक लोक गंजिफा विकत घेतात तो भिंतीवर लावण्यासाठी किंवा कपाटात ठेवण्यासाठी. चितारी पान रंगवितो. पण त्या पानाने खेळणारा क्वचितच भेटतो. वाद्य सुंदर असावे आणि ते कोणी वाजवू नये, तशातला हा प्रकार आहे. चिताऱ्याने खळ लावून कापड घोटले, ते पान हजार वेळा हातात फिरावे म्हणून. खेळातूनच त्याचा आकार ठरला, खेळातूनच त्याची चिन्हे ठरली. म्हणून गंजिफा खऱ्या अर्थाने जगावयाचा असेल, तर त्याला चिताऱ्याचा हात पाहिजे, तसाच खेळणाऱ्याचाही हात पाहिजे. यांपैकी पहिला हात सावंतवाडीने राखला आहे. दुसरा कोठून यावयाचा, हे पुढच्या पिढीच्या हाती आहे.

शब्दार्थ

हुबेहूब – अगदी खऱ्यासारखे. खळ – शिजवून केलेला चिकट द्रव. घोटणे – घासून गुळगुळीत करणे. रोगण – चकाकी आणणारा लेप. वेलबुट्टी – वेलीच्या आकाराची नक्षी. औचित्य – योग्यता. राजाश्रय – राजाने दिलेला आधार. निवर्तणे – मरण पावणे.

स्वाध्याय

१. दशावतारी गंजिफात १२० पाने कशी होतात ते हिशेब करून सांगा.

२. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही गंजिफाचे पान कसे ओळखता येते?

३. गंजिफाच्या खेळात स्मरणशक्तीची परीक्षा होते, असे का म्हटले आहे?

४. कापडापासून पान तयार करण्याची कृती क्रमवार लिहा.

५. ‘कलेचे कौतुक करून किंवा थोडे पैसे देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता.’ असे लेखात का म्हटले आहे? तुमच्या शब्दांत सांगा.

६. पुढील वाक्प्रचार वाक्यांत योजा : मनाला लागणे, वाईट दिवस येणे, पाळी येणे.

उपक्रम

घरातील जुन्या सुती धोतराचे किंवा लुगड्याचे तुकडे घ्या. वडील माणसांच्या मदतीने खळ शिजवून तीन-चार थर चिकटवा. ते दडपणाखाली ठेवून नीट वाळवा, आणि वाटीच्या तोंडाच्या मापाने गोल पाने कापा. वर्गाने दहा गट पाडून प्रत्येक गटाने एकेका रंगाची बारा पाने रंगवावीत. सगळी पाने एकत्र झाली, की तिघातिघांनी पाळीपाळीने खेळ मांडावा. तुमच्या गावात हाताने केल्या जाणाऱ्या एखाद्या वस्तूची कृती, ती जाणणाऱ्या वडील माणसाकडे बसून शिका आणि वहीत लिहून ठेवा.